वीस लाख भाऊ आणि एक माड

मराठीत ‘भाऊ’ या शब्दापासून भाऊबंदकी असा एक शब्द निघाला आहे. एखाद्या परक्याने तो नुसता कानाने ऐकला तर त्याला वाटेल, काय प्रेमळ भाषा आहे, भाऊ आणि बंध एकाच ताटात वाढले आहेत! त्या बिचाऱ्याला मोजणीची साखळी, बांधावरचा सरकलेला दगड, तलाठ्याकडचे हेलपाटे आणि सात-बाऱ्यावरची एकमेकांना चिकटून बसलेली, पण एकमेकांकडे न बघणारी नावं कुठून दिसणार? हे आठवायचं कारण असं, की वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, एका चर्चच्या तळघरात, कागदी पेल्यातली पाणचट कॉफी हातात असताना मला एका संध्याकाळी वीस लाखांवर भाऊ मिळाले. त्याआधी मला एकच होता, आणि त्याच्याशी मी नऊ वर्षं बोलत नव्हतो.

मुलाच्या नोकरीमुळे आम्ही दोघं पाच वर्षांपूर्वी वसईची वाडी सोडून न्यू हेवनजवळच्या एका गावात आलो. नातवंडं सांभाळणं हे अधिकृत काम. पण नातवंडं शाळेत गेल्यावर घर असं शांत होतं, की फ्रीजचा आवाजही कुणीतरी बोलतंय असा वाटतो. रविवारचा मिस्सा मग आम्हाला बाजारहाटासारखा झाला. देवाला भेटायचं आणि चार माणसंही बघायची. एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक उंच, वल्ह्यासारख्या हातांचा म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कोटाच्या कॉलरवर छोटी टाचणी, तिच्यावर ढाल, नांगर, तलवार. माझा हात त्याच्या हातात पार हरवून गेला आणि तो म्हणाला, “तुम्ही नाइट आहात का?” मी त्याला आदबीने सांगितलं, होतो, पण आता निवृत्त झालो. त्यात माझी काहीच चूक नाही. पस्तीस वर्षं मी मुंबईच्या टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजला काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. नाइट म्हटलं की मला दुसरं काय आठवणार? घरी येऊन बायकोला सांगितलं, की मला नाइट्समध्ये बोलावतायत, तर तीही म्हणाली, “अहो, या वयात परत रात्रपाळी कशाला? पगार तरी देणार आहेत का?”

नाइट म्हणजे सरदार हे नंतर कळलं. नाइट्स ऑफ कोलंबस, कोलंबसचे सरदार. कॅथलिक पुरुषांची बंधुसंघटना; वय अठराच्या पुढे हवं आणि माणूस श्रद्धेने चर्चला जाणारा हवा. अर्जावरच्या त्या दुसऱ्या अटीसमोर मी खूण केली, तेव्हा बायकोने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण बोलली काही नाही. आमच्या वसईने सरदार पुष्कळ पाहिलेत. पोर्तुगीज फिदाल्गो पाहिले, १७३९ साली चिमाजी अप्पांबरोबर आलेले मराठे सरदार पाहिले. किल्ल्याच्या भिंतींवर आता वड वाढलेत आणि सरदार सगळे गेले. त्या मातीतल्या केळीच्या बागेत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला सरदारकी मिळावी, तीही वार्षिक वर्गणी भरून, याची मला मनातून गुदगुली झाली.

आणि सरदारकी कोणाची, तर कोलंबसाची. हा गृहस्थ निघाला होता आमच्याकडे यायला. वाट चुकला, भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तिथल्या माणसांना आमचं नाव देऊन मोकळा झाला. मी तळघरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा कोपऱ्यात पत्ते पिसत बसलेल्या एका आजोबांनी चष्म्यावरून पाहून विचारलं, “इंडियातले का? म्हणजे आमच्या माणसाला हवे होते ते तुम्हीच!” सगळे हसले, मीही हसलो, आणि मग त्यांनी मला शेजारची खुर्ची ओढून दिली. त्या कोलंबसाचे दिवस आता तितकेसे बरे नाहीत. न्यू हेवनच्या वूस्टर चौकातला त्याचा पुतळा २०२० च्या जूनमध्ये उतरवला, आणि तो का उतरवला हे कळण्याइतकी अक्कल तळघरातल्या म्हाताऱ्यांनाही आहे. पण १८८२ साली त्याचं नाव घेणाऱ्यांची गरज वेगळी होती. ते बहुतेक आयरिश कामगार. शहराने त्यांना दारात उभं करू नये असा तो काळ. न्यू हेवनच्या एका श्रीमंती रस्त्यावर कॅथलिकांनी सेंट मेरीचं चर्च बांधलं, तर एवढ्या सुंदर रस्त्याची शोभा गेली म्हणून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात रडगाणं छापून आलं होतं. अशा लोकांना एक असा कॅथलिक हवा होता, ज्याला अमेरिकेलाही ‘हा आमचा नव्हे’ म्हणता येणार नाही. त्यांना कोलंबस सापडला. तो एकदा तरी योग्य माणसांना सापडला, असं आपण म्हणू.

या सगळ्याच्या मुळाशी असलेले फादर मायकल मॅकगिव्हनी मला मात्र पहिल्या भेटीतच आवडले. भेट म्हणजे त्यांच्या समाधीची, त्याच सेंट मेरीमध्ये. काळ्या झग्यातला, गोल चेहऱ्याचा तरुण. फोटोत तो आपल्याकडच्या एखाद्या नव्या शाळामास्तरासारखा दिसतो, पोरं ऐकतील की नाही या विचारात पडलेला. तेरा भावंडांत थोरला. त्यांतली सहा लहानपणीच गेली. तेराव्या वर्षी शाळा सोडून पितळेच्या कारखान्यात चमचे बनवायला लागला. पुढे सेमिनरीत असताना वडील गेले आणि घर उघड्यावर पडलं. कर्ता माणूस गेला की घराचं काय होतं हे त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्या काळी नवरा मेला आणि बाईजवळ पोरांना पोसायची सोय दिसली नाही, तर कोर्ट पोरांना तिच्यापासून काढून दुसरीकडे ठेवू शकत असे. अशा एका पोराचं पालकत्व या फादरने कोर्टात उभं राहून स्वतःवर घेतलं होतं. विमा देणाऱ्या गुप्त मंडळ्या गावात होत्या, पण त्यांत जायला चर्चची मनाई. मग १८८१ च्या ऑक्टोबरात याने सेंट मेरीच्या तळघरात काही माणसं जमवली, आणि २९ मार्च १८८२ ला राज्याची सनद मिळाली. भाऊ मेला की बाकीच्या भावांनी पैसे काढायचे आणि त्याच्या बायकोच्या हातात हजार डॉलर ठेवायचे, असा तो साधा हिशेब. तेव्हा फादर एकोणतीस वर्षांचे होते. अडतिसावा वाढदिवस झाला आणि दोन दिवसांत न्यूमोनियाने गेले. २०२० साली चर्चने त्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केलं, संतपदाच्या अलीकडची पायरी.

मला त्या तळघराचंच फार कौतुक वाटतं. आज संघटनेची स्वतःची तेवीस मजली इमारत न्यू हेवनमध्ये उभी आहे, चार कोपऱ्यांना चार गोल तपकिरी बुरूज असलेली. हायवेवरून ती दिसली की मला वसईचा किल्ला आठवतो. पण भाऊ जमतात ते अजून तळघरातच. प्रत्येक चर्चच्या पोटात एक तळघर, त्यात घडीच्या खुर्च्या, फिकट ट्यूबलाइट, आणि चाळीस वर्षांत उकळलेल्या कॉफीचा भिंतींनी धरून ठेवलेला वास.

दीक्षाविधीची मला धास्ती होती. पूर्वी तो बंद दाराआड चाले आणि त्याच्याबद्दल एक अक्षर बाहेर बोलायची सोय नव्हती. जुने लोक अजून त्याचा विषय निघाला की मिशीत हसतात. २०२० पासून तो चर्चमध्ये, बायकामुलांसमोर होतो. औदार्य, एकता, बंधुभाव या तीन तत्त्वांचे तीन टप्पे पूर्वी वेगवेगळे असत, ते आता एकाच बैठकीत उरकतात. पाठोपाठ उभे राहिलो, शपथ घेतली, हातात जपमाळ आली, कॉलरला टाचणी लागली. बायको दुसऱ्या बाकावर बसून बघत होती. लग्नात मी इतका सरळ उभा नव्हतो, असं तिने नंतर सांगितलं. चौथा टप्पा देशभक्तीचा. त्या टप्प्याच्या सरदारांचं मानपथक तलवारी घेऊन उभं होतं. पूर्वी त्यांना खांद्यावर झूल आणि डोक्याला पिसांची मोठी टोपी असे. २०१७ मध्ये वरिष्ठांनी ती काढून निळा कोट आणि बेरे टोपी दिली. त्या पिसांचं दुःख अजून ओसरलेलं नाही. पत्तेवाल्या आजोबांनी आपली जुनी टोपी मला त्यांच्या गाडीच्या डिकीतून काढून दाखवली. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत बँडमास्तर घालतो, थेट तिची बहीण शोभावी. पिसं थोडी पिवळी पडली होती. त्यांनी एका बोटाने ती सरळ केली, हळूच, आजारी कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवावा तशी, आणि डिकी लावली.

पदांची नावं ऐकली तर पेशवाईचा दप्तरखाना उघडल्यासारखं वाटतं. ग्रँड नाइट, त्याचा उपनाइट, चॅन्सेलर, वॉर्डन, आतला पहारेकरी, बाहेरचा पहारेकरी. प्रत्येकाला हाक मारताना आधी ‘वर्दी’ लावायचं. वर्दी म्हणजे त्यांच्या भाषेत सुयोग्य, पण मला दर वेळी वाटतं, कुणाच्या तरी अंगावरचा गणवेश हरवलाय आणि सगळे त्याला हाका मारतायत. आमचा वर्दी ग्रँड नाइट शाळेची बस चालवतो. वर्दी चॅन्सेलर नळ दुरुस्त करतो. आमच्या मोरीचा नळही त्यानेच केला आणि पैसे घेतले नाहीत. केनेडी अध्यक्ष होते तेही याच संघटनेचे भाऊ, हे मला पहिल्या महिन्यात चार वेगवेगळ्या माणसांनी, प्रत्येकाने जणू गुपित सांगावं तसं सांगितलं.

आणि या सरदारांची मोहीम कसली? शरद ऋतूत सुपरमार्केटच्या दारात पिवळा एप्रन घालून उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर टूटसी रोल नावाची चॉकलेटी गोळी ठेवायची आणि डबा पुढे करायचा. पैसे मतिमंद मुलांसाठी. थंडीच्या आधी गरिबांच्या पोरांना कोट वाटायचे. पहिल्या महायुद्धात यांनी सैनिकांसाठी झोपड्या उभारल्या होत्या, कुणीही या, सगळं फुकट, अशी पाटी लावून. धर्म विचारायचा नाही, आत घ्यायचं आणि गरम काहीतरी द्यायचं. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, १५९७ साली नागासाकीत क्रुसावर गेलेले, तेही फादर नव्हते, ब्रदर होते. लहानपणी मला वाटे, फादर व्हायचं राहिलं असेल बिचाऱ्यांचं. पिवळा एप्रन घालून तीन तास वाऱ्यात उभं राहिल्यावर ब्रदर हे स्वतंत्र खातं आहे, हे मला कळू लागलं.

उपवासकाळातल्या शुक्रवारी मात्र तळघराला कळा येते. शुक्रवारी मटण वर्ज्य, म्हणून मासे. अख्खं गाव फिश फ्रायला येतं, धर्माचे आणि बिनधर्माचे. मला आधी टेबलं पुसायला ठेवलं होतं. वसईचा माणूस आणि मासळीपासून दूर! दुसऱ्या शुक्रवारी मी आत घुसलो. समोर परातीत मासे होते, म्हणजे तसं त्यांचं म्हणणं होतं. डोकं नाही, शेपूट नाही, खवला नाही, काटा तर नाहीच. सगळे तुकडे एका मापाचे, पांढरे, निरागस. या माशाला बालपण होतं की नाही अशी शंका यावी. मी बायकोने दिलेली मसाल्याची बाटली खिशातून काढली आणि पिठात दोन चमचे टाकले. कुणाला न विचारता टाकले हे कबूल करतो. तासाभराने स्वयंपाकघराच्या खिडकीशी पत्तेवाले आजोबा आले, डोळ्यांत पाणी, नाक लाल. म्हणाले, “हे कुणी केलं?” मी हात वर केला. त्यांनी रिकामी थाळी पुढे केली. “अजून.”

त्या उन्हाळ्यात मला बाहेरचा पहारेकरी निवडलं. बिनविरोध, कारण दुसरं कुणी उभं नव्हतं. सभा सुरू झाली की दाराबाहेर बसायचं आणि उशिरा येणाऱ्याचं कार्ड बघून आत सोडायचं. उशिरा येत कुणीच नाही. या वयाची माणसं सगळीकडे वीस मिनिटं आधी पोचतात. म्हणून मी कोटांच्या रांगेशेजारी घडीच्या खुर्चीवर एकटा बसून असतो, आणि दारामागून भावांचा गुणगुणाट येत असतो. राखण ही माझी जुनी सवय आहे. आमच्या वाडीत एक माड होता. मूळ माझ्या हिश्शात, पण पोरवयातच वाऱ्याने वाकला आणि शेंडा गेला थोरल्याच्या हिश्शात. पाणी मी घालायचो, नारळ त्याच्याकडे पडायचे. वडील होते तोवर नारळ नुसते नारळ होते. वाटणी झाली आणि त्यांना सर्व्हे नंबर लागले. मी म्हटलं, झाड माझं. तो म्हणाला, माझ्या आकाशात आहे. एका दुपारी या वाक्यावरून जे बोलणं बंद झालं ते नऊ वर्षं. मी अमेरिकेला निघालो तेव्हा तो ओट्यावर सुकेळी वाळत घालत होता. त्याने मान वर केली नाही, मीही थांबलो नाही. दाराशी बसल्या बसल्या मला तो वाकडा माड दिसे, आणि हिशेब होई, की या वर्षी साधारण किती नारळ गेले.

एका गुरुवारी संघटनेचा विमा एजंट घरी आला. हा एजंटही भाऊच असावा लागतो, आणि जगातल्या सगळ्या विमा एजंटांसारखा त्यालाही चहा नको म्हणता येत नाही. फॉर्म भरता भरता त्याने विचारलं, “भावंडं?” मी म्हटलं, एक भाऊ. “हयात?” मी म्हटलं, हो. “वय?” बहात्तर. “मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार?” मी गप्प. त्याने पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या भावांत बसून माझ्या एकुलत्या भावाला काय आजार आहे, हे मला माहीत नव्हतं. “विचारून सांगतो,” मी म्हणालो.

रात्री साडेनऊला, वसईत सकाळचे सात, मी नंबर फिरवला. घंटा वाजली, उचलला.

“दादा, मी बोलतोय.”

पलीकडे शांतता. लाइन तुटल्याची शांतता आणि माणूस गप्प असल्याची शांतता यांतला फरक मला कानाने कळतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीची ती कमाई आहे. माणूस होता.

“तुला शुगर आहे का?”

“कशाला पायजे?”

“एका फॉर्मवर लिहायचंय.”

“वारसाचा आहे का?”

“विम्याचा.”

तो जरा विचारात पडला असावा. मागे कावळा ओरडत होता, आमच्याच वाडीतला. “शुगर नाही. प्रेशर आहे, दोन वर्षं झाली. गोळी दिलीय डॉक्टरनं. मी विसरतो.” मग म्हणाला, “तुझं काय?”

“शुगर.”

“आईवर गेलास.”

ट्रंक कॉल असता तर इथे मधल्या ऑपरेटरने तीन मिनिटं झाल्याचं सांगितलं असतं आणि दोघांची सुटका झाली असती. मी उगाच घसा साफ केला. तोच म्हणाला, “माड पडला तुझा.”

“कधी?”

“तौक्ते वादळात.”

म्हणजे २०२१ च्या मे महिन्यात. नातेवाइकांनी माडाचा विषय माझ्याकडे काढायचा नाही असं आपसांत ठरवलेलं, त्यामुळे कुणी बोललं नाही. तीन वर्षं मी नसलेल्या झाडाचे नसलेले नारळ मोजत होतो. “सांगितलं नाहीस?” मी म्हटलं.

“बोलत कुठे होतो आपण?”

ते खरंच होतं. तरी माझ्याने राहवेना. “पडला कुठल्या बाजूला?”

“बांधावर,” तो म्हणाला. “बरोबर बांधावर. निम्मा तुझ्यात, निम्मा माझ्यात. तुझ्यातला तुकडा मी उचललेला नाही, आहे तसाच आहे.”

विमा मी शेवटी उतरवला नाही. माझ्या वयाला हप्ता फार पडत होता, आणि एजंट भावाने तेही समजून घेतलं, दुसरा चहा घेता घेता. रात्री साडेनऊला मी थोरल्याला फोन करून गोळी घेतलीस का, एवढं विचारतो. इथली घड्याळं हिवाळ्यात एक तास मागे जातात, तेव्हा साडेआठला.